रविवारी सुट्टी घेणारा आवाज

पाऊस जाताना सांगून जात नाही. एका सकाळी मुलुंडच्या आमच्या खिडकीतून समोरची टेकडी एकदम जवळ सरकल्यासारखी दिसते, तिच्यावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि दुपारपर्यंत घराच्या भिंती तव्यासारख्या तापतात. गॅलरीतले कपडे तासाभरात वाळून कडक होतात. रिक्षावाले मानेवर ओला रुमाल टाकून बसतात. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात. मी याला बाबांचा मोसम म्हणते, अर्थात मनातल्या मनात.

यंदाही तो आलाय. पंखा गरम हवाच इकडून तिकडे करतोय. मी दमलेय. हे वाक्य हल्ली माझ्या तोंडात इतकं बसलंय की कुणी नुसतं ‘कशी आहेस’ विचारलं तरी तेच बाहेर पडतं. आतल्या खोलीत बाबा खाटेवर बसलेत, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या बाजूच्या स्टुलावर माझा लॅपटॉप उघडा आहे आणि त्यावर आकाशातून आलेल्या लहरींच्या रेघा खाली सरकताहेत. दोघांपैकी कुणाकडे बघावं हे मला कळत नाही, म्हणून मी पंख्याकडे बघते.

माझी नोकरी रेडिओ दुर्बिणीवरची. पुण्याच्या पलीकडे, द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांमधून मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. आकाशातले तारे, दीर्घिका रेडिओ लहरी पाठवतात, त्या या तबकड्या टिपतात. लोकांना वाटतं मी तारे बघते. तारे दुसरे बघतात. माझं काम गोंगाट पकडण्याचं. आकाशातून येणारं सगळं इतकं क्षीण असतं की गावातल्या एखाद्या टीव्हीचा बिघडलेला बूस्टर, विजेच्या खांबावरची धुळीने माखलेली चिनीमातीची वाटी, एखादा स्वस्तातला दिवा, यातलं काहीही त्याला झाकून टाकतं. आम्ही त्याला आवाज म्हणतो. कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, पण पडद्यावर दिसतं आणि दिसलं की जीव जातो.

मग आमची जीप निघायची. डिझेलचीच, कारण पेट्रोलच्या गाडीची ठिणगीसुद्धा तबकड्यांना चालत नाही. मोबाइल फाटकावरच बंद. हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी एक काटेरी अँटेना धरून मी बांधाबांधाने फिरायचे, आवाज कुठून येतोय त्या दिशेला ती रोखत. ऑक्टोबरात तिकडे द्राक्षांची छाटणी चाललेली असते. बागा भादरल्यासारख्या दिसतात, हवेत औषधाचा उग्र वास आणि छाटलेल्या काड्यांचे ढीग. एकदा एका म्हातारीच्या घरातल्या बूस्टरवर माझी अँटेना थांबली. तिने आधी शेंगा-गूळ पुढे केला आणि मग विचारलं, “माझ्या मालिकेनं तुमच्या ताऱ्याला काय त्रास व्हतोय?” मी समजावलं. आम्ही तिला नवा बूस्टर बसवून दिला, जुना घेऊन आलो. तशीच आमची रीत होती. कुणाला दटावायचं नाही, वस्तू बदलून द्यायची, चहा घ्यायचा, निघायचं.

या कामात दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच शिकवतात. एक म्हणजे, आवाज आकाशाचा की माणसाचा हे ओळखायचं कसं. आकाशातली वस्तू रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवते. आज संध्याकाळी डोक्यावर असलेला तारा काही महिन्यांनी भर दुपारी डोक्यावर येतो. माणसाचा आवाज मात्र घड्याळाने चालतो. रोज त्याच वेळी येतो, जेवायच्या सुट्टीत थांबतो, रविवारी गायब होतो. रविवारी सुट्टी घेणारा तारा अजून तरी कुणी पाहिलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, गावावर आळ घेण्याआधी आपल्या खोलीतली यंत्रं बंद करून बघायची. आपला संगणक, आपला एसी, आपल्या मनगटावरचं घड्याळसुद्धा. हे दुसरं इतकं साधं आहे की ते शिकवताना सगळे हसतात.

आई गेली आणि पाठोपाठ बाबांचं विसरणं वाढलं, तेव्हा मी मुलुंडला परत आले. बाबा देवगडकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर आमच्याशी शहरी मराठीत बोलणारा हा माणूस म्हातारपणी एकेक शब्द टाकत टाकत पुन्हा मालवणीत जाऊन पोचला. ऑफिसने मला घरून काम करायची परवानगी दिली. डेटा घरी येत होता, गोंगाट घरी बसूनही शोधता येत होता. दिवसभरासाठी मी मंगलताईंना ठेवलं. त्या गोवंडीहून यायच्या, मूळच्या जालन्याकडच्या, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना आंघोळ घालून, भांग पाडून खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही तुमचे तारे बघा. इकडं मी आहे ना.”

तो पहिला ऑक्टोबर अजून अंगावर आहे. सकाळ बरी जायची. बाबा पेपर उलटा धरून का होईना, पण धरून बसायचे. दुपारी पेजेसोबत लोणच्याची फोड चोखायचे. आणि पाचच्या सुमाराला मी माझ्या खोलीतून बाहेर यावं तर ते दाराशी उभे. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात पिशवी, कपाळावर घाम. मंगलताई दाराला पाठ लावून उभ्या.

“माका जावक होया,” ते म्हणायचे. “लोकांच्या घरात किती येळ बसतलंय?”

“बाबा, हे तुमचंच घर आहे.”

“त्या बाईंका सांग, मी जातंय म्हणान.”

बाई म्हणजे मंगलताई, असं आम्ही धरून चाललो. मंगलताईही म्हणायच्या, “जा म्हणते बाबा, पण चहा घेऊन जा.” त्यावर ते हात जोडायचे. स्वतःच्या घरात, स्वतः हप्ते फेडून घेतलेल्या दोन खोल्यांत माझा बाप पाहुण्यासारखा संकोचून उभा असायचा.

दोनदा ते निसटले. एकदा नाक्यावरच्या नारळवाल्याने ओळखून परत आणलं. दुसऱ्यांदा पार भांडुपच्या हद्दीपर्यंत चालत गेले होते, ट्रकच्या रस्त्याच्या कडेकडेने, एका पायात चप्पल. त्यानंतर त्यांच्या चपला मी कपाटावर ठेवायला लागले, हात पोचणार नाही अशा.

दादा बोरिवलीहून आला. दादा माझा मोठा भाऊ, प्रेमळ आहे, पण त्याला प्रश्न लोंबकळत ठेवलेला चालत नाही. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात संध्याकाळ अशीच जाते, दिवस कलला की जीव घाबरतो, थोडं गुंगीचं औषध देता येईल. दादाने कर्जतकडे एक जागा बघून ठेवली होती. झाडं आहेत, नर्स आहेत, चोवीस तास माणसं.

“दादा, बाबा तिथे जगणार नाहीत.”

“आणि इथे? ट्रकखाली आले म्हणजे? नीला, तू ना, भावनेत वाहू नकोस यार. तुझी काय अवस्था झालीय बघ. आरशात बघ जरा.”

“दिवाळीपर्यंत थांब.”

“दिवाळीनंतर काय होणारे?”

मला माहीत नव्हतं. पण तो थांबायला तयार झाला. परत असं काही झालं तर दिवाळीनंतर कर्जत, असं ठरलं.

त्या दिवसांतली दमणूक वेगळीच होती. झोप पूर्ण झाली तरी ती उतरायची नाही. नवरात्र जवळ आलेलं, सोसायटीच्या आवारात गरब्याची तालीम चाललेली, शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतलेली, सगळ्या घरभर सिमेंटची बारीक भुकटी. पुसावं आणि परत बोट फिरवावं तर परत पांढरं. एका दुपारी फडकं हातात घेऊन मी बाबांच्या खिडकीशी उभी होते. ऊन त्यांच्या खाटेवरून उतरून जमिनीवर गेलं होतं. पंधरवड्यापूर्वी याच वेळेला ते खाटेच्या मधोमध असायचं. दिवस लहान होत चालले होते. सूर्य रोज थोडा आधी खाली जात होता, आणि बाबांचं घाबरणं मात्र जागचं हललं नव्हतं. दिवस कलण्याशी त्याचा संबंध असता तर तेही आधी सरकायला हवं होतं.

मी मंगलताईंना विचारलं, “रविवारी करतात का असं?”

“रविवारी मी कुठं असते? तुम्हीच सांगा.”

रविवारी मी असायचे. आणि रविवारी बाबा संध्याकाळभर गॅलरीत बसून कावळ्यांना बिस्किटं घालायचे.

मला त्या क्षणी आनंद झाला. बापाच्या आजारपणात इतका आनंद बरा दिसत नाही, पण झाला. घड्याळाने चालतंय, रविवारी थांबतंय, म्हणजे हे आजाराचं नाही, हे माणसाचं आहे. माणसाचं असेल तर शोधता येतं आणि शोधलं तर बंद करता येतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं?

मी अर्धी रजा टाकली आणि चारलाच खाली उतरले. या खेपेला हातात अँटेना नव्हती, इतकंच. बांधकामावरचे मजूर कितीला सुटतात, त्यांचा भोंगा वाजतो का, पाववाल्याचा भोंपू कुठल्या खिडकीखाली वाजतो, शाळेची बस कुठे वळते, लिफ्टचं दार कोण आपटतं. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. साडेपाचला घामाने निथळत वर आले तर बाबा खुर्चीत बसून मंगलताईंकडून केस विंचरून घेत होते. शांत.

“आज काहीच नाही?”

“आज एकदम झकास. पेज पण मागून घेतली.”

दोन दिवसांनी परत रजा घेतली. परत शांत. यात मला नवल वाटलं नाही. गावातही असंच व्हायचं, आमची जीप पोचली की आवाज बंद, जीप वळली की सुरू. आम्ही म्हणायचो, आवाजाला आमची गाडी ओळखू येते. दुसऱ्या दिवशी मी दातओठ खात परत कामाला बसले, आणि त्याच संध्याकाळी बाबा परत पिशवी घेऊन दाराशी.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून आमची रोजची मीटिंग साडेचारऐवजी तीनला ठेवली. मी दार लावून घेतलं, कानावर हेडफोन चढवला. रोज तसंच करायचे. आमच्या गटात तमिळ, बंगाली, मल्याळी अशी सगळी मंडळी, त्यामुळे बोलणं इंग्रजीत, आणि माझा आवाज तिथे जरा वरचा, तोलून मापून, कुणाचं ऐकून न घेणारा. हा आवाज मी वीस-बावीस वर्षांत कमावलाय. बोलता बोलता दारावर थाप पडली. दार ढकलून मंगलताई आत डोकावल्या.

“ताई, बाबांनी आज लवकरच गाडी काढली.”

त्यांच्या मागे, चिंचोळ्या पॅसेजमध्ये, बाबा. बटणं गळ्यापर्यंत. ते मंगलताईंकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी मला हात जोडले.

“बाई, निघतंय मी. तुमका खूप त्रास दिलंय.”

पडद्यावर कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. सगळं गाव पालथं घातलं होतं मी. पाववाला, लिफ्ट, बांधकाम, शाळेची बस. आणि रजा घेऊन शोधायला बाहेर पडायचे तेव्हा घरात ती बाईच नसायची. बंद दारामागे रोज साडेचारला एक परकी बाई परक्या भाषेत मोठ्याने बोलायला लागायची, आणि माझ्या बापाला वाटायचं की आपण या बाईंच्या घरी येऊन बसलोय आणि आता फार वेळ झाला.

मी हेडफोन काढला. “बाबा, मी आसंय. नीलू.”

ते बघत राहिले. मग चेहरा सैल झाला. “खंय होतंस गे?” ते म्हणाले. आणि माझ्या खांद्यावरून खोलीत वाकून बघत, हळू आवाजात, “ती बाय गेली?”

“गेली.”

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून, नेहमीसारखं. रडण्यात दुःख किती आणि हसू किती, ते मला आजही वेगळं करता येणार नाही.

दसऱ्याची सुट्टी संपल्यापासून लॅपटॉप बाबांच्या खोलीत गेला. हेडफोन नाही, दार उघडं, मी त्यांच्या खाटेवर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून. पडद्यावर चौकटीचौकटीत माणसं उगवली. बाबांनी चष्मा पुढे ओढून ती न्याहाळली. मी बोलायला लागले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि मग सदरा नीट करत मला म्हणाले, “तेंनी चाय घेतल्यानी काय?”

“नाही अजून.”

“मगे? बसा, बसा. चाय घेवन जावा.” हे पडद्याला. सात माणसांना, चार राज्यांतल्या. “मंगल, चाय टाक गे!”

पाहुणे आले होते. पाहुणे आले म्हणजे घर आपलं असणार, त्याशिवाय का ते आपल्याकडे येतील? बाबा यजमान झाले आणि जायचं विसरले. पुढे तर आमच्या गटाला सवयच झाली. सगळ्यांत लहान होती ती मल्याळी मुलगी सुरुवातीलाच कप उचलून दाखवायची, मग बाबा मान हलवायचे आणि मग आमची मीटिंग सुरू व्हायची. दिवाळी आली, गेली. दादा फराळाचा डबा घेऊन आला, साडेचारला बाबांच्या बाजूला बसला, आणि बाबांनी त्यालाही पाहुण्यांत धरून चहा दिला. जाताना दारात दादा चपला घालत बराच वेळ वाकून राहिला. कर्जतचं नाव नंतर निघालं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. शेजारची इमारत उभी राहिली, आमच्या टेकडीचा अर्धा तुकडा तिने खाल्ला. तिकडे गावात आता घरोघर स्वस्तातले दिवे आहेत आणि आकाशातून उपग्रहांची रांग जाते, त्यांना चहाही देता येत नाही आणि बदलूनही देता येत नाही. रोजच्या डेटातला मोठा हिस्सा आम्ही खराब म्हणून टाकून देतो. टाकलेल्या भागाच्या पडद्यावर कोऱ्या पट्ट्या दिसतात, त्यांच्या मधे जे उरतं त्यावर भागवायचं. मला आता त्याचा रागही येत नाही.

बाबा यंदाच्या पावसाळ्यात बोलायचे थांबले. एकदम नाही. आधी पाहुण्यांना चहा विचारणं गेलं, मग मंगलला हाक मारणं गेलं, मग पडद्याकडे बघणं. गणपतीत आरती चालू असताना ते भिंतीकडे तोंड करून बसले ते तसेच. डॉक्टर म्हणाले, ही पुढची पायरी. दादा म्हणाला, “शांत झालेत ना? मग बरंय की. तुझे हाल तरी वाचले.” शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. सगळे तेच म्हणतात. मी उभं आयुष्य शांतता मिळावी म्हणून रानोमाळ फिरले, आणि आता माझ्या घरात ती इतकी आहे की मला घर नकोसं होतं.

काल दुपारी मी कपाटावरून बाबांच्या चपला काढल्या. धूळ झाडली आणि त्यांच्या खाटेखाली, पायाशी लागतील अशा, बोटं दाराकडे करून ठेवल्या. त्यांचा इस्त्रीचा सदरा उशाशी ठेवला. मग स्टुलावरचा लॅपटॉप उचलून माझ्या जुन्या खोलीत नेला.

मंगलताई दारात आल्या. “ताई, काय करताय हे?”

“मीटिंग आहे.”

“मग तिकडं कशाला? बाबांजवळ बसा ना रोजच्यासारखं.”

त्यांनी चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असावं. त्यांनी बाबांना हाताला धरून जरा दाराकडे वळवून बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या.

साडेचारला मी दार लावून घेतलं. हेडफोन एकाच कानावर चढवला, दुसरा कान दाराकडे मोकळा ठेवला. आणि बोलायला लागले. त्याच आवाजात, ताठ, इंग्रजीत, नेहमीपेक्षा वर. आठवड्याचा डेटा, नवा गोंगाट, कुठल्या तबकडीवर किती. ती मल्याळी मुलगी मध्येच म्हणाली की मॅडम, आज तुमचा आवाज फार मोठा येतोय. मी सॉरी म्हटलं आणि आणखी मोठ्याने बोलायला लागले. माझं बोलून झाल्यावरही काहीबाही विचारत राहिले. पॅसेजमध्ये पाऊल वाजलं नाही. एकदा काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, ती मंगलताईंची बादली होती.

सगळे गेल्यावर मी दार उघडलं. बाबा होते तसे होते. परत भिंतीकडे वळून बसले होते. सदऱ्याची घडी मोडली नव्हती. चपला मी ठेवल्या तशाच, बोटं दाराकडे.

मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले. गुडघ्यावर हात ठेवला.

“बाबा, चला. घराक जावचा ना?”

त्यांनी हळूच मान माझ्याकडे वळवली. किती दिवसांनी डोळ्यांत डोळे घातले. ओठ हलले, थांबले, परत हलले.

“कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग चपला उचलल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या, बाकी सगळ्यांच्या चपलांबरोबर. कपाटावर ठेवायची आता गरज नव्हती.